तपासणी पुढे ढकलली

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना, भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या इस्पितळात, पहिल्या मजल्यावरच्या तीन नंबरच्या खोलीत. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण नर्सने मेडिकल बुकात रक्तदाब लिहिला तेव्हा शेजारी वेळही लिहिली होती. वडील तेव्हा पासष्ट वर्षांचे, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की लघवीची धार बारीक झालीय, जोर द्यावा लागतो, आणि कंबर धरते. मोठ्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. पीएसए एक पॉइंट एक. पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात उतरणारा एक पदार्थ. तो चारच्या आत असला की नॉर्मल म्हणायचं, अशी त्या इस्पितळाची रीत. डॉक्टर म्हणाले, फर्स्ट क्लास आहे, वयाप्रमाणे ग्रंथी थोडी वाढते, एक गोळी देतो. मग दोघं चार दिवसांवर आलेल्या गणपतीच्या कार्यक्रमांबद्दल बोलले, आणि वडील स्कूटर चालवत घरी आले.

त्या खोलीत एक तपासणी व्हायला हवी होती, ती झाली नाही. डॉक्टर हातमोजा चढवतो, माणसाला कुशीवर झोपवतो आणि गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपतो. मऊ आहे की टणक, गुळगुळीत आहे की गाठाळ, एवढंच बघायचं असतं. मिनिटभराचं काम. हे वाक्य वाचून ज्यांनी नाक मुरडलं, हे सगळं मी त्यांच्यासाठीच लिहितेय.

मोठे डॉक्टर पुण्याचे. वीसेक वर्षांपूर्वी इथे बदलून आले आणि इथलेच झाले. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष, आणि माझे वडील सचिव. आमच्या घरी महालक्ष्म्यांना ते जेवायला यायचे. आईच्या हातची वडाभाताची ताटली संपवून म्हणायचे, वहिनी, नागपूरकरांनी पुणेकरांना जेवायला शिकवलं. आमचं घर मूळचं नागपूरचं. राजधानी भोपाळला हलली तेव्हा आजोबा सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, इथल्याच शिवाजी नगरच्या क्वार्टरात राहिले, वडील कारखान्यात लागले, आणि निवृत्तीनंतर आम्ही टाउनशिपलगतच्या अवधपुरीत दोन खोल्या वर, दोन खाली असं घर बांधलं. परक्या गावात आपल्या भाषेचा डॉक्टर मिळणं म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यात बसून कळणार नाही. वडिलांना ताप आला तर ते हिंदीत आजारीच पडायचे नाहीत. थांबायचे, मोठे डॉक्टर ड्यूटीवर येईपर्यंत.

आणि तिथेच घात झाला. ज्या माणसाबरोबर आरतीला टाळ वाजवायचे, त्याच्यासमोर पॅंट उतरवायची? आणि डॉक्टरांच्या बाजूने बघा: ज्या माणसाच्या घरी पानावर बसून वडाभात खाल्ला, त्याला कुशीवर वळ म्हणायचं? दोघांनीही ते टाळलं. कुणी कुणाला विचारलं नाही. दोन सभ्य माणसांनी एकमेकांची लाज राखली.

टाउनशिपमध्ये अजून एक रीत होती. निवृत्तांची वर्षातून एकदा तपासणी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत फिरायला आलेली म्हातारी मंडळी एकमेकांना आकडे सांगायची. शुगर किती, कोलेस्टेरॉल किती, पीएसए किती. दहावीचा निकाल लागल्यासारखं. माझे वडील पहिले आले. शेजारचे एक पंजाबी काका सात पॉइंट काहीतरी घेऊन नापास झाले होते. ते तोंड पाडून बाकावर बसले, आणि बाकीच्यांनी वडिलांच्या पाठीवर थाप मारली. "एक पॉइंट एक! भाईसाहब, आप तो टॉपर निकले।" हे वडिलांनी घरी येऊन आम्हाला दोनदा सांगितलं. नापास काकांना चिठ्ठी मिळाली, बाहेरच्या मोठ्या इस्पितळात त्यांची तपासणी झाली, सावकाश वाढणारा कॅन्सर निघाला, उपचार झाले. ते आजही त्याच बागेत फिरतात. मला त्यांचं वाईट वाटत नाही आणि त्यांच्यावर रागही नाही. फक्त ते दिसले की मी रस्ता बदलते.

माझ्या वडिलांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ते कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. ओतकामातून आलेले लोखंडाचे मोठमोठे भाग, म्हणजे कास्टिंग, तपासून पास किंवा रिजेक्ट करणं, हे त्यांनी तेहतीस वर्षं केलं. कागदावर मापं बरोबर असली तरी ते भागावर हातोडी मारून आवाज ऐकायचे, तळहात फिरवायचे. कोणी घाई केली तर सांगायचे, मापाने पास झालेला तुकडाही आतून पोकळ असू शकतो. या एका सवयीपायी त्यांची दोन प्रमोशनं लांबली. आणि या माणसाने स्वतःला मात्र एका आकड्यावर पास करून घेतलं.

दिवाळीपर्यंत त्यांच्या पट्ट्याला आईने दोन नवी भोकं पाडली. खिळा तापवून. मी विचारलं तर आई म्हणाली, गोड सोडलंय ना त्यांनी. मी त्या वेळी कारखान्याच्या ठेक्यावरच्या मजुरांचे पर्चे, म्हणजे पत्रकं, लिहायचे, सकाळी गेटवर वाटायचे; जगातल्या सगळ्या अन्यायांची यादी माझ्या पिशवीत होती आणि घरातला माणूस वितळत चालला होता ते मला दिसलं नाही. ते संडासात गेले की नळ सोडून ठेवायचे. मला वाटायचं पाणी वाया घालवतात. एकदा तसं बोललेही, ठसक्यात. पाण्याच्या आवाजाने लघवी सुटते म्हणून ते नळ सोडत होते. आईला माहीत होतं. तिने मला सांगितलं नाही, कारण मुलीला हे सांगायचं नसतं.

दिवाळीनंतर ते पुन्हा तीन नंबरच्या खोलीत गेले. या वेळी पीएसए शून्य पॉइंट नऊ. कमी झाला. डॉक्टर म्हणाले, बघा, गोळी लागू पडली. वडिलांनी येताना पेढे आणले. मी ते पेढे खाल्ले.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मी गेटवर होते. आई एवढंच म्हणाली, लवकर ये, बाबांना होत नाहीये. पहाटेपासून लघवीचा एक थेंब झाला नव्हता. त्यांनी ते दुपारपर्यंत दाबून ठेवलं होतं, कारण मंडळाच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं, आईला तिळगूळ घेऊन जायचं होतं, आणि तिचा सण त्यांना मोडायचा नव्हता. मी पोचले तेव्हा ते पलंगाचा कठडा धरून उभे होते. घामाने शर्ट चिकटलेला. पोट पुढे आलेलं. मला पाहून म्हणाले, तू बाहेर थांब.

इस्पितळात सण म्हणून मोठे डॉक्टर नव्हते. हे आमचं नशीब, असं मी आजही म्हणते. कॅज्युअल्टीत ठेक्यावरची एक डॉक्टर होती, सागर जिल्ह्याकडची, माझ्याच वयाची. तिने नळी घालून लघवी मोकळी केली. मग पडदा ओढला, हातमोजा बदलला, वडिलांना काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि चार महिन्यांत कोणी केलं नव्हतं ते केलं. मी पडद्याच्या अलीकडे उभी होते. ती बाहेर आली, मला कोपऱ्यात घेतलं.

"इससे पहले किसी ने उँगली से देखा था?"

मी म्हटलं, म्हणजे काय? मला खरंच माहीत नव्हतं. तिने समजावून सांगितलं. मग म्हणाली, "पत्थर जैसा है। पीएसए मत देखिए, इन्हें बाहर भेजिए।"

तिने बाहेर पाठवण्याची शिफारस लिहिली. काउंटरवरच्या बाबूने ती परत केली. निवृत्त माणसाला बाहेरच्या इस्पितळात पाठवायला रेफर चिठ्ठी लागते, आणि प्रोस्टेटच्या चिठ्ठीसाठी छापील फॉर्म होता. त्यावर एक चौकोन: पीएसए चारच्या वर आहे काय? बाबूने चौकोनावर पेन ठेवून माझ्याकडे पाहिलं. वडिलांचा आकडा होता शून्य पॉइंट नऊ. वर मोठ्या डॉक्टरांची सही हवी. मी त्याला म्हटलं, डॉक्टरने लिहून दिलंय. तो म्हणाला, मॅडम ठेक्यावर आहेत.

त्या संध्याकाळी वडील वॉर्डात झोपले असताना मी त्यांचं मेडिकल बुक पहिल्यांदा वाचलं. मी पर्चे लिहिणारी; सरकारी कागद कसा वाचायचा ते मला शिकवलेलं आहे. छापलेलं सोडायचं आणि हाताने लिहिलेलं वाचायचं. तान्ह्या पोळ्याच्या पानावर, रक्तदाबाच्या खाली, मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात होतं: डी.आर.ई. डिफर्ड. दिवाळीनंतरच्या पानावर पुन्हा: डी.आर.ई. डिफर्ड. मधे एकदा ते कंबरेसाठी गेले होते, तिथेही तेच. मी उठून नर्सला विचारलं. ती म्हणाली, डी.आर.ई. म्हणजे ती बोटाची तपासणी. डिफर्ड म्हणजे पुढे ढकलली.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. विसरले असते तर माणूस चुकतो असं म्हणून मी कदाचित गप्प बसले असते. पण त्यांनी तीनदा लिहून ठेवलं होतं की ही तपासणी करायची असते आणि मी ती केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन नंबरच्या खोलीत गेले. बाहेर रांग होती, मी रांगेतूनच गेले. डॉक्टरांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. मी ती तिन्ही पानं उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं की बाबांनी नकार दिला होता का.

"त्यांना संकोच वाटला असता गं."

"त्यांना वाटला असता. पण तुम्ही विचारलंत का?"

"सगळंच विचारावं लागत नाही. आम्ही इतकी वर्षं एकमेकांना ओळखतो."

"म्हणूनच ते तिकडे नळी लावून पडलेत, काका."

काका म्हटलं ते सवयीने. बोलल्यावर मला स्वतःचाच संताप आला. ते म्हणाले की आकडा इतका कमी असताना कॅन्सरची शक्यता फार थोडी, मी उगाच घाबरतेय, महिनाभर नळी ठेवून बघू. चिठ्ठीवर सही मागितली तर म्हणाले, नियम माझा नाही, इस्पितळाच्या समितीचा आहे. अपवाद केला तर उद्या सगळी बाग रेफर मागायला येईल. मी विचारलं, बाग म्हणजे कोण? ते हसले. त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. निवृत्त माणसांची ती अख्खी बाग त्यांच्या लेखी एक गर्दी होती, आणि फॉर्मवरचा तो चौकोन म्हणजे तिला अडवायचं फाटक.

मग मी ते केलं ज्याबद्दल घरात अजूनही एकमत नाही. ज्या छापखान्यात मजुरांचे पर्चे छापायचो तिथे जाऊन एक पर्चा छापला. एका पानाचा, हिंदीत. त्यात लिहिलं की तेहतीस वर्षं या कारखान्याचे भाग तपासणाऱ्या एका निवृत्त इन्स्पेक्टरची तपासणी या इस्पितळाने तीनदा पुढे ढकलली. लघवी बंद पडेपर्यंत. प्रोस्टेट लिहिलं, गुदद्वार लिहिलं, उँगली लिहिली. नाव लिहिलं नाही. टाउनशिपमध्ये नाव लिहायची गरज काय? सकाळी सहाला तो बागेत वाटला, आठला ओपीडीच्या काचेवर चिकटवला. बागेतल्या लोकांनी तो वाचला आणि घडी करून खिशात घातला. एकजण म्हणाले, बेटी, ये सब लिखने की चीज़ नहीं होती. पण दहा वाजता त्यातलेच सहा-सात म्हातारे ओपीडीच्या बाकांवर येऊन बसले. घोषणा नाही, काही नाही. मफलर बांधून नुसते बसले. पंजाबी काका सगळ्यात पुढे. दुपारी दोन वाजता चिठ्ठी मिळाली, मोठ्या डॉक्टरांच्या सहीची. चौकोन रिकामा सोडला होता.

चिठ्ठी घेऊन मी वॉर्डात गेले तेव्हा पर्चा वडिलांच्या हातात होता. कोणीतरी आणून दिला होता.

"माझ्या शरीराचा पर्चा काढलास," ते म्हणाले.

मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती पाहिलीही नाही. त्यानंतर नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी गाडीत शेजारी बसायचे, फायली धरायचे, लघवीची पिशवी रिकामी करायचे, आणि ते आईला सांगायचे, तिला म्हणावं खिडकी लाव.

बाहेरच्या इस्पितळात आधी किडन्या सांभाळाव्या लागल्या. महिनोन् महिने लघवी तुंबून त्यांच्यावर ताण आला होता. मग सुईने प्रोस्टेटचे तुकडे काढले, शरीराचं स्कॅन झालं. रिपोर्ट यायला वेळ लागला, कारण तुकडे दुसऱ्यांदा वेगळ्या रंगाने तपासायला पाठवले होते. कॅन्सरच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना एकत्र बसवलं. सांगितलं की हा प्रोस्टेटचा कॅन्सर आहे पण नेहमीचा नाही. स्मॉल सेल म्हणतात, क्वचित होतो आणि फार वेगाने पळतो. नेहमीच्या कॅन्सरच्या पेशी पीएसए बनवतात म्हणून आकडा चढतो. या पेशी तो बनवायचं जवळजवळ विसरलेल्या असतात. त्यामुळे रोग वाढतो आणि आकडा खालीच राहतो, कधी उतरतोही. नेहमीच्या कॅन्सरला पुरुषी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन देतात, याला तेवढ्याने भागत नाही. केमो लागेल, लगेच. स्कॅनमध्ये यकृतावर डाग होते, कंबरेच्या मणक्यातही.

मला पेढे आठवले.

वडिलांनी एकच विचारलं: पूर्ण बरा होणार का? डॉक्टर म्हणाले, नाही. पण त्रास कमी करता येईल आणि काही महिने चांगले मिळवता येतील. मी त्यांना नंतर एकटीने गाठलं आणि विचारलं, चार महिन्यांपूर्वी आलो असतो तर? ते लपवाछपवी करणारे नव्हते. म्हणाले, यकृतात तेव्हाच पोचला होता की नाही, कोणी सांगू शकणार नाही. कदाचित पोचला असेल. पण किडन्या शाबूत असत्या तर जे औषध मी पहिलं निवडतो ते देता आलं असतं. आता त्याच्या जागी दुसरं द्यावं लागतंय. तेही चांगलं आहे.

लोक मला समजावतात की मग डॉक्टरांचा काय दोष, रोगच तसला होता. मला हे समजावणारे सगळे तब्येतीने ठणठणीत असतात. रोग तसलाच होता, मान्य. वेगाने पळणाऱ्या रोगाला चार महिन्यांची मोकळी वाट करून देणारी माणसं मात्र रोग नव्हती. त्यांच्या हातात पेन होतं.

केमोचे तीन-तीन दिवस, दर तीन आठवड्यांनी. दुसऱ्या केमोनंतर कंबर दुखायची थांबली. केस गेले, चव गेली, पण ते पुन्हा पेपर वाचायला लागले, अग्रलेखांवर खेकसायला लागले. स्कॅनमध्ये यकृतावरचे डाग आकसले होते. त्या दिवसांत एकदा सलाईन चालू असताना आई खाली चहा घ्यायला गेली होती, आणि मी त्यांना विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण महिनाभर तेच तोंडात घोळत होतं.

"बाबा, असं कास्टिंग तुम्ही पास केलं असतं? हात न लावता?"

ते सलाईनच्या थेंबांकडे बघत होते.

"कास्टिंगला लाज वाटत नाही, बेटा."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले की त्या मंगळवारी खोलीत गेल्यावर त्यांनी खोचलेला शर्ट पँटमधून बाहेर काढून ठेवला होता. तपासतील असं त्यांना वाटलं होतं. कोणीतरी ऑफिसमधल्याने आधी सांगितलं होतं की असं असं करतात. डॉक्टर काही बोलले नाहीत तेव्हा त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी शर्ट पटकन खोचला आणि गणपतीचा विषय काढला. "विषय मीच काढला," ते म्हणाले. मग विचारलं, त्या पर्च्याच्या किती प्रती छापल्या होत्यास? मी म्हटलं, पाचशे. म्हणाले, कमी छापल्यास.

त्यांनी मला माफ केलं असं मी यावरून समजत नाही. ते माफ करणाऱ्यांतले नव्हते. पण पुढच्या केमोला बागेतले दोघे भेटायला आले, तेव्हा वडिलांनी त्यांना माझ्यादेखत, हिंदीत, सगळं सांगितलं. नळी, बोट, सगळं. आवाज बारीक होता. ते दोघं खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. एकाने मधेच विचारलं, दुखता है क्या? वडील म्हणाले, इंजेक्शनपेक्षा कमी.

चार केमो लागू पडले. पाचव्याला डाग पुन्हा वाढलेले निघाले, आणि यकृताबरोबर फुप्फुसातही. दुसरं औषध करून पाहिलं, त्याने रक्तच इतकं उतरलं की थांबवावं लागलं. मग दुखणं कमी करणं एवढंच उरलं. ते श्रावणात गेले, घरी, सकाळी, आई त्यांची दाढी करत असताना.

मोठे डॉक्टर भेटायला आले. मंडळाचे चारजण बरोबर. आईने त्यांना पाणी दिलं. मी नाही दिलं. ते आईला म्हणाले, वहिनी, फार दुर्मिळ केस होती. आई म्हणाली, हो. तेवढंच. नंतर मी आईवर ओरडले की तू हो का म्हणालीस. ती म्हणाली, मग काय म्हणू, तुझ्यासारखा पर्चा काढू? चहाचे कप विसळता विसळता तिने एक कप फोडला आणि तुकडे गोळा करत राहिली, माझी मदत न घेता.

मी समितीला चार अर्ज केले. फॉर्मवरचा चौकोन काढा. पीएसए काहीही असो, लघवीचा त्रास आणि उतरतं वजन असेल तर बोटाची तपासणी झालीच पाहिजे आणि ती न केल्यास कारण लिहून रुग्णाची सही घ्या. एका अर्जाचं उत्तर आलं: विषय विचाराधीन आहे. सागरकडच्या त्या डॉक्टरचा ठेका पुढे वाढवला नाही. का, ते कोणी लेखी सांगत नाही. मोठे डॉक्टर सन्मानाने निवृत्त झाले, शाल-श्रीफळ मंडळानेच दिलं. चौकोन तिथेच आहे. गेल्या महिन्यात मी तो फॉर्म पुन्हा मागून घेतला आणि पाहिला.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही हे वाचून हळहळाल, चांगलं लिहिलंय म्हणाल, आणि तुमच्या घरातला साठीच्या वरचा माणूस संडासातून बाहेर येईल तेव्हा दुसरीकडे बघाल. ते करू नका. बाप असो, सासरा असो, काका असो, त्याला तोंडावर विचारा की लघवीला त्रास होतो का, किती महिने झाले, वजन उतरलंय का, आणि कोणत्याही डॉक्टरने बोटाने तपासलंय का. तो चिडेल. चिडू द्या. "रिपोर्ट नॉर्मल आहे" असं म्हणाला तर विचारा, रिपोर्ट ठीक, पण हात कोणी लावला? त्याचं उत्तर "नाही" असेल, तर त्याच्याबरोबर उद्या ओपीडीच्या रांगेत उभे राहा, डॉक्टरच्या खोलीत आत जा, तपासणी मागा, आणि ती होईपर्यंत त्या खोलीतून बाहेर येऊ नका.